भरवशाची गाडी कोणती?



खरसुंडीच्या किंवा तशाच एखाद्या जनावरांच्या बाजारात बैल घ्यायला गेलेला जाणता शेतकरी नुसते दात बघून थांबत नाही. तो विकणाऱ्याला विचारतो, "कुठल्या रानात राबलाय हा? काळ्या रानात, का माळाला?" खिलार बैल चपळ आणि देखणा, दुष्काळी टापूत त्याचा लौकिक मोठा. पण इगतपुरीकडच्या धो धो पावसात, भाताच्या चिखलात, तिकडचा शेतकरी डांगी बैलच दावणीला बांधतो, कारण डांगीच्या तेलकट कातड्यावर पाऊस ठरत नाही. आता खिलार चांगला का डांगी चांगला, असा वाद दोन मालकांनी घातला, तर तो संपायचा कधी? दोघेही खरेच बोलत असतात. दोघांची राने तेवढी वेगळी असतात.

आज ज्या जनावराविषयी बोलायचे आहे, ते चार चाकांचे आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या गावांतून एका नव्या बांध्याची मोटार दिसू लागली आहे. लांबीला आखूड, उंचीला थोडी जास्त, चाके मोठी, तोंड जरा रागीट. कंपन्या तिला कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात, कोणी क्रॉसओव्हर म्हणतात. आपण सोयीसाठी तिला 'उंच छोटी गाडी' म्हणू. शाळेतल्या गुरुजींपासून द्राक्षबागाईतदारांपर्यंत पुष्कळांनी ती घेतली आहे, आणि जिथे असे चार मालक जमतात तिथे हटकून प्रश्न निघतो : तुमची बरी, का आमची? हे मालकांचे बोलणे कसे ऐकावे, त्यातले दाणे कोणते आणि फोलपट कोणते, ते आज पाहू. कारण आपल्यासारख्यांच्या घरी गाडी येते ती बहुधा कर्जाने येते. पाच-सात वर्षे हप्ते फेडायचे असतात. गाडी पटली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत करता येत नाही.

आधी ही गाडी आहे तरी काय, ते समजून घेऊ. शेतात संकरित वाण असतो ना, तसा हा जीप आणि मोटार यांचा संकर आहे. बोलेरोसारख्या गाडीला खाली वेगळा लोखंडी सांगाडा असतो आणि त्यावर पत्र्याची पेटी बसवलेली असते. ओझे आणि खड्डे सोसायला तो बांधा चांगला. आपल्या उंच छोट्या गाडीत सांगाडा आणि पेटी एकजीव असतात, साध्या मोटारीसारख्या. त्यामुळे ती वजनाला हलकी, चालवायला सोपी आणि आत बसणाऱ्याला गचके कमी. ऐट मात्र जीपची.

या ऐटीमुळे एक गैरसमज होतो, तो इथेच काढून टाकू. यांतल्या बहुतेक गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या दोनच चाकांना मिळते. पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानात पुढची चाके जागच्या जागी फिरू लागली, की मागची चाके मदतीला येत नाहीत. गाडीचे पोट जमिनीपासून उंच असते हे खरे. खड्ड्याला, गतिरोधकाला आणि ओढ्यातल्या गोट्यांना त्याचा फार उपयोग होतो. पण पाच माणसे आणि सामान भरले की तीही उंची काहीशी कमी होते. तेव्हा बांधापर्यंत न्यायची हौस असेल तर उन्हाळ्यात न्यावी. पावसाळ्यात आपले पाय बरे!

तुम्ही म्हणाल, या सगळ्या गाड्या एकमेकींसारख्याच का दिसतात? त्याचे कारण कारखान्यात नाही, कराच्या वहीत आहे. २००६-०७च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. अट अशी होती की लांबी चार मीटरच्या आत हवी. इंजिन पेट्रोलचे असेल तर १,२०० सी.सी.पर्यंत, डिझेलचे असेल तर १,५०० सी.सी.पर्यंत. मग काय, कंपन्यांनी गाड्यांची लांबी बेतून चार मीटरच्या आत आणली. यांतल्या बहुतेकींची लांबी ३,९९५ मिलिमीटरच्या आसपास भरते, म्हणजे हद्दीच्या जेमतेम अर्धा सेंटिमीटर अलीकडे. पुढे करांची नावे बदलली, माप राहिले. २२ सप्टेंबर २०२५पासून या मापात बसणाऱ्या पेट्रोल-डिझेल गाडीवर वस्तू व सेवा कर १८ टक्के झाला, आणि मापाबाहेरच्या गाडीवर ४० टक्के. मारुतीच्या ब्रेझाची लांबी मापात आहे, पण पेट्रोल इंजिन १,४६२ सी.सी.चे आहे. त्यामुळे दारात उभी केली तर इतरांची जुळी बहीण वाटते, कर मात्र निराळा.

ओळीने सांगायचे तर फोर्डची इकोस्पोर्ट २०१३ साली आली, मारुतीची व्हिटारा ब्रेझा २०१६ साली, टाटांची नेक्सॉन २०१७ साली. २०१९ साली महिंद्रांची एक्सयूव्ही ३०० आणि ह्युंदाईची व्हेन्यू आली, २०२० साली कियाची सोनेट. यांतल्या कित्येक आपल्या महाराष्ट्रातच तयार होतात : नेक्सॉन रांजणगावला, महिंद्रांची गाडी नाशिकला, जिचे नाव २०२४ साली एक्सयूव्ही ३एक्सओ असे झाले, स्कोडाची कायलॅक चाकणला, आणि २०२५च्या नोव्हेंबरात आलेली नवी व्हेन्यू तळेगावला. ब्रेझा हरियाणातून येते, सोनेट आंध्रातल्या अनंतपूरहून. माप एक, रूप सारखे, किमतीही जवळजवळच्या. म्हणून तर मालकांचे वाद मिटत नाहीत.

असाच एक वाद मी कऱ्हाडला एका लग्नाच्या मांडवात ऐकला. कंपन्यांची नावे मी मुद्दाम सांगत नाही. सांगितली तर तुम्ही बोलणे सोडून नावेच धरून बसाल.

पाटणकडचे एक गुरुजी म्हणाले, "माझ्या गाडीला सहा वर्षं झाली. तेल, टायर, बॅटरी, एवढंच केलं. बाकी पाना लागलेला नाही. घोडं आहे, घोडं!"

तासगावचे एक बागाईतदार हसले. म्हणाले, "गुरुजी, पाच माणसं भरून तुमचं घोडं कुंभार्ली घाटात घाला, म्हणजे कळेल. आमची डिझेलची आहे. तीन वर्षांत नव्वद हजार पळाली. चढ आला काय नि गेला काय, तिला पत्ता नसतो."

त्यांचे धाकटे बंधू शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "दादा, तुझी पळतीय. माझी बघ की. तीच गाडी, तोच महिना, रंगसुद्धा तोच. तो पिवळा दिवा काही विझत नाही. चार वेळा वर्कशॉपला नेऊन आणली."

चिपळूणच्या एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मला तर बाई आपोआप गिअर पडणारी गाडी आता सोडवत नाही. रात्री-अपरात्री पेशंट बघायला एकटीनं जायचं म्हणजे ती फार बरी पडते. फक्त घाटात ट्रकच्या मागं अडकलं की गिअरबॉक्स तापल्याची सूचना येते. आणि वर्कशॉप पडतं लांब."

हे सगळे एक तरुण शिक्षक कान देऊन ऐकत होते. त्यांची शाळा आणि घर पाटणच्या वर, कोयनेच्या बाजूला. आईचे मूत्रपिंड निकामी झालेले. दर सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिससाठी कऱ्हाडला आणावे लागे. जायला चाळीस किलोमीटर, यायला चाळीस. दर खेपेला भाड्याची गाडी. आता कर्ज काढून स्वतःची घ्यायची, असे ठरले होते. ते म्हणाले, "मांडवात आलो तेव्हा मनात दोन गाड्या होत्या. तुमचं सगळ्यांचं ऐकलं, आता एकही उरली नाही."

श्रोतेहो, या माणसाला हौसेची गाडी नको होती. गुरुवारी सकाळी सहा वाजता किल्ली फिरवली की सुरू झाली पाहिजे, अशी गाडी हवी होती. डायलिसिसचा दिवस चुकवून चालत नाही. भरवसा या शब्दाचा अर्थ त्यांच्या घरी इतका सरळ होता.

मग त्या मांडवात खोटे कोण बोलले? कोणीच नाही. एकेकाचे बोलणे उलगडून पाहू.

आधी दोघा भावांचे. २०२० सालच्या एप्रिलपासून धुराचे नियम कडक झाले, त्याला भारत स्टेज सहा म्हणतात. तेव्हापासून डिझेल मोटारींच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी एक गाळणी असते. गाळणीत साठलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते, आणि जळायची तर गाळणी चांगली तापायला हवी. गाडी वीस-पंचवीस मिनिटे सलग, बऱ्या वेगाने चालली की हे काम आपसूक होते. थोरले बंधू आज सांगली, उद्या पुणे, परवा सोलापूर असे फिरतात; त्यांना गाळणी आहे हेसुद्धा ठाऊक नाही. धाकटे घरून मळ्यात जातात, तीन किलोमीटर, आणि मळ्यातून घरी. चूल पेटते न पेटते तोच विझवावी, तसे रोज चालते. काजळी साठत जाते आणि दिवा लागतो. गाडी तीच, पण एकाच्या तोंडी स्तुती आणि दुसऱ्याच्या तोंडी तक्रार.

गुरुजींचे इंजिन साधे पेट्रोलचे, टर्बो नसलेले. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्याच जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. तो असला की लहान इंजिन मोठ्यासारखे ओढते. तो नसला की भरल्या गाडीने घाट चढताना दम लागतो, गिअर खाली घ्यावा लागतो. पण जो भाग मुळात नाही, तो बिघडणार कसा? गुरुजींची गाडी सहा वर्षे बिनतक्रार चालली, यात तिच्या साधेपणाचा वाटा आहे. आणि एक वाटा गुरुजींचाही आहे, कारण ते ठरल्या तारखेला तेल बदलतात. टर्बोच्या गाडीला तर तेलाची ही शिस्त जास्तच पाळावी लागते.

डॉक्टरीणबाईंच्या गाडीत क्लचचा पायडल नाही, पण क्लच आहे, तो आत आहे. काही गाड्यांत असे दोन कोरडे क्लच असतात. चढावर ट्रकच्या मागे मुंगीच्या पावलाने सरकताना ॲक्सिलरेटरच्या हलक्या दाबावर गाडी धरून ठेवली, की आतला क्लच घासत राहतो आणि तापतो. उपाय सोपा आहे. ब्रेकवर ठाम उभे राहावे, ट्रकला चार-पाच मोटारींइतका पुढे जाऊ द्यावा, मग एकदमच निघावे. सरकत-सरकत जाऊ नये. पण वर्कशॉप लांब आहे, ही बाईंची दुसरी तक्रार सवय बदलून मिटणारी नाही. ती गाडी घेण्यापूर्वी विचारात घेण्याची बाब आहे.

इकोस्पोर्टचेच पाहा ना. या जातीच्या गाड्या आपल्या देशात लोकप्रिय करणाऱ्यांत ती अग्रभागी होती. पण २०२१च्या सप्टेंबरात फोर्डने भारतातले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. सुटे भाग आणि देखभाल चालू राहील, असेही कंपनीने सांगितले. दारातली गाडी काल होती तशीच होती. तिचा एक बोल्टसुद्धा ढिला झाला नव्हता. तरी मालकाची धाकधूक वाढलीच. गाडीचा भरवसा निम्मा लोखंडात असतो, आणि निम्मा तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसांत : वर्कशॉपमध्ये, सुट्या भागांच्या दुकानात आणि आपल्या मिस्त्रीच्या हातात.

तेव्हा मालकाचे बोलणे म्हणजे गाडीचे वर्णन नव्हे. त्याने त्या गाडीशी जो संसार केला, त्याचे ते वर्णन असते. म्हणून 'गाडी कशी आहे?' असे मोघम विचारू नये. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळते, 'एक नंबर' नाहीतर 'घेऊ नका'. त्याऐवजी पाच प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : किती वर्षे झाली आणि किती किलोमीटर झाले? चार महिन्यांच्या गाडीची तारीफ म्हणजे नव्या सुनेची तारीफ. ती खोटी नसते, पण अजून पावसाळा जायचा असतो. चार वर्षे, साठ हजार किलोमीटर झालेला मालक सांगतो ते मोलाचे.

दुसरा प्रश्न : रोज कुठल्या रस्त्याने, किती माणसे घेऊन आणि सलग किती अंतर जाता? उत्तर आपल्या वापराशी जुळले तरच त्याचा अनुभव आपल्या कामाचा.

तिसरा प्रश्न : गाडी रस्त्यात कधी अडली का? यात खुळखुळा आणि खोळंबा यांत फरक करायला शिका. डॅशबोर्ड खुळखुळतो, पडदा मधूनच काळा होतो, मागचा दरवाजा जोरात लावावा लागतो, हा झाला खुळखुळा. चीड येते, पण माणूस घरी पोचतो. गाडी सुरूच झाली नाही, घाटात बंद पडली, सुटा भाग मिळेना म्हणून आठ दिवस वर्कशॉपला पडून राहिली, हा खोळंबा. मालक रागात असला की खुळखुळ्यालाही खोळंब्याच्या आवाजात सांगतो. आपण शांतपणे विचारावे : किती वेळा? किती दिवस? बिल किती झाले? आणि अडलेली गाडी बॅटरीने किंवा टायरने अडली असेल, तर तो दोष कोणत्याही कंपनीच्या गाडीला येऊ शकतो. तो बाजूला काढावा.

चौथा प्रश्न : वर्कशॉप किती लांब, आणि गावचा मिस्त्री हिला हात लावतो का? आजच्या गाड्यांत दोष शोधायला संगणक जोडावा लागतो. ते यंत्र कोणाकडे आहे, याची चौकशी आधीच केलेली बरी.

पाचवा प्रश्न : पुन्हा घ्यायची वेळ आली तर हीच घ्याल का? या प्रश्नाला मालक क्षणभर गप्प बसला, तर ते गप्प बसणेही नीट ऐका.

आणि एक ध्यानात ठेवा. ज्याला त्रास झाला तो दहा जणांना सांगतो. ज्याची गाडी निमूटपणे चालते तो कोणाला सांगायला जात नाही. म्हणून एका तक्रारीवरून निकाल देऊ नये. पाच वेगवेगळ्या मालकांनी एकच दोष सांगितला, तर मात्र सावध व्हावे. कारखान्याचाच दोष निघाला, तर गाड्या परत बोलावून दुरुस्त करून देण्याची तरतूद २०१९ सालच्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने झाली आहे. अशी बातमी कानावर आली, तर आपल्या गाडीचा चासी नंबर कंपनीला कळवून खात्री करून घ्यावी.

आता ॲव्हरेज. मालकांच्या गप्पांत सर्वांत जास्त फुगतो तो हाच आकडा. कंपनी सांगते तो आकडा तपासणीच्या रुळांवर, ठरावीक वेगाच्या क्रमाने मोजलेला असतो. तिथे खड्डे नसतात, घाट नसतो, लग्नाचे वऱ्हाड नसते. स्वतः मोजायची रीत सोपी आहे. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहून ठेवा. चारशे-पाचशे किलोमीटर चालवा, पुन्हा काठोकाठ भरा. समजा ४२० किलोमीटर झाले आणि २८ लिटर बसले, तर ॲव्हरेज पंधराचे. डॅशबोर्डवरचा आकडा पाहून सांगणाऱ्याचे नव्हे, असे मोजून सांगणाऱ्याचे ऐकावे. आणखी एक गोष्ट. २०२५ साली आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले. आपल्या साखर कारखान्यांचा त्यात मोठा हातभार आहे. पण लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी असते. म्हणून एकाचा २०१९ सालचा आकडा आणि दुसऱ्याचा आजचा आकडा शेजारी मांडून गाड्यांची तुलना करू नये.

पेट्रोल का डिझेल, हा प्रश्नही गणिताने सुटतो. समजा पेट्रोलला किलोमीटरमागे सात रुपये पडतात आणि डिझेलला पाच. समजा डिझेलची गाडी एक लाख वीस हजारांनी महाग आहे. तर दोन-दोन रुपये वाचवून ते जादा पैसे वसूल व्हायला साठ हजार किलोमीटर लागतात. तासगावचे थोरले बंधू वर्षाला तीस हजार चालवतात. त्यांचे दोन वर्षांत फिटले. त्या तरुण शिक्षकांची आठवड्याची धाव १६० किलोमीटर; इतर येणेजाणे धरून वर्षाला दहा हजार. त्यांना सहा वर्षे लागली असती. काजळीच्या गाळणीची भीती त्यांना नव्हती, कारण रस्ता सलग होता. पण हिशेबात डिझेल बसत नव्हते.

भरवशाचा आणखी एक अर्थ आहे, तो मालक सहसा बोलत नाहीत, कारण त्याचा अनुभव कोणाला येऊ नये. अपघात झाला तर आतली माणसे वाचतील का? हे विचारायला मालक नको, तपासणीचे निकाल पाहावेत. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाडी ताशी ६४ किलोमीटरने अडथळ्यावर आदळून पाहते आणि तारे देते. २०१८च्या डिसेंबरात नेक्सॉनला पाच तारे मिळाले. भारतात तयार झालेल्या मोटारीला मिळालेले ते पहिले पाच तारे. त्याच वर्षी ब्रेझाला चार मिळाले, आणि २०२०च्या जानेवारीत एक्सयूव्ही ३००ला पाच. १ ऑक्टोबर २०२३पासून आपल्या देशाचीच भारत एनकॅप ही तपासणी सुरू झाली आहे. गाडीला किती तारे आहेत आणि ते कोणत्या सालच्या नमुन्याला मिळाले, हे विक्रेत्याला विचारावे. तारे कितीही असोत, मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावाच. आणि हे तारे दणकटपणाचे असतात, टिकाऊपणाचे नव्हेत. पाच ताऱ्यांच्या गाडीचाही खुळखुळा निघू शकतो.

आता शेवटची बाब म्हणजे आवड. काही मंडळी म्हणतात, गाडी डोक्याने घ्यावी, मनाने नव्हे. हे मला पटत नाही. ज्या गाडीकडे पाहून मालकाला बरे वाटते, ती तो पुसतो, धुतो, वेळेवर सर्व्हिसला नेतो. म्हणून ती टिकते. आवड हीही एक देखभालच आहे. फक्त आवड कोणाची, ते विचारा. मांडवात बोलले ते सगळे गाडी चालवणारे होते. मागे बसणाऱ्यांना कोणी विचारले नव्हते. उंच गाडीचा खरा गुण त्यांना ठाऊक असतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली वाकून आत शिरावे लागत नाही. खुर्चीवर बसावे तसे बसता येते. पण एखादीचा उंबरठा फार उंच असतो, एखादीचा मागचा दरवाजा पुरता उघडत नाही, एखादीच्या मागच्या खिडक्या इतक्या लहान की म्हाताऱ्या माणसाला घाटात मळमळते. कागदावरच्या मापांत हे दिसत नाही.

त्या शिक्षकांना ही गोष्ट डॉक्टरीणबाईंनीच सुचवली. त्यांनी आईला तीन गाड्यांत बसवून पाहिले. एका गाडीत आईला आधाराशिवाय चढता येईना, ती पहिल्याच फेरीत बाद झाली. मग बाईंनी आणखी एक गोष्ट विचारली, "डायलिसिसला किती वेळ लागतो?" चार तास. "मग ज्या कंपनीचं वर्कशॉप कऱ्हाडात आहे तीच बघा. आई तिकडं असताना गाडीची सर्व्हिस इकडं होऊन जाईल. वेगळा दिवस मोडायला नको." किती साधी गोष्ट! पण मोटारीच्या कुठल्याही जाहिरातीत ती छापलेली नसते. गुरुजींनीही एक सल्ला दिला : "गाडी कुठलीही घ्या, पण गावातल्या जीपवाल्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. यंत्र आहे, कधीतरी रुसणारच."

त्यांनी शेवटी कोणती गाडी घेतली, हे सांगून तुमचा काही फायदा नाही. त्यांचा रस्ता तुमचा नाही, त्यांची आई तुमची आई नाही. त्यांनी ती कशी निवडली, एवढे मात्र तुम्हांला उपयोगी पडेल.

शिक्षकबंधूंना एक सुचवतो. सातवी-आठवीच्या मुलांना गणितात सरासरी शिकवताना पुस्तकातली उदाहरणे झाली, की एक वही करायला सांगा. गावात ज्या ज्या घरी मोटार आहे तिथे जाऊन मुलांनी पाच रकाने भरून आणावेत : किती वर्षे, किती किलोमीटर, कोणत्या रस्त्याने, किती वेळा अडली, टाकीला टाकी ॲव्हरेज किती. महिन्याभरात वर्गाचे गणित होईल, आणि गावाला अशी वही मिळेल जी कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. नवी गाडी घेणाऱ्याने आधी शाळेत जाऊन ती वही पाहावी. मुलांनाही कळेल की चार मोठी माणसे भांडत होती त्या गोष्टीचा निकाल मोजून लावता येतो.

आणि जे येत्या पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी घरी आणणार असतील, त्यांना एवढेच सांगतो. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी गाडी आपल्या गावच्या रस्त्याने एकदा फिरवून आणा. दुकानासमोरच्या डांबरी सडकेवर सगळ्याच गाड्या गुणी असतात. घरातले सर्वांत वयस्क माणूस मागच्या सीटवर बसवा. परत आल्यावर आधी त्यांना विचारा, मग किमतीचे बोला. विक्रेता इतक्या लांब गाडी न्यायला नाही म्हणाला, तर वाद घालू नका. पुढचे दुकान गाठा.